हिरव्या कापडाखालची पाटी

दादाचा फोन रविवारी सकाळी येतो. तिकडे न्यू जर्सीत तेव्हा शनिवारची रात्र असते, जेवण उरकून तो निवांत बसलेला असतो. पहिला प्रश्न ‘आई कशी आहे?’ आणि दुसरा ‘टेबल कसं आहे?’ एखाद्या रविवारी क्रम उलटा होतो. आई ते मनावर घेत नाही. ‘मला दुखलं-खुपलं तर मी बोलते तरी,’ ती म्हणते, ‘टेबल बिचारं कुणाला सांगणार?’

टेबल म्हणजे पूलचं टेबल. आठ फुटी, सागवानी, सहा पॉकेटांचं. पुण्यातल्या आमच्या जुन्या बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत ते १९९८ पासून ठाण मांडून बसलं आहे. त्या काळात स्नूकर-पूलची पार्लरं भराभर निघत होती आणि निघाली तशी बंदही पडत होती. त्यातल्याच एका बंद पडणाऱ्या पार्लरमधून दादानं ते पहिल्या नोकरीच्या बोनसमधून उचललं. टेंपोतून सुटे भाग उतरत होते तेव्हा बाबा ओसरीवर हाताची घडी घालून उभे होते. म्हणाले, ‘चला, आता फक्त गुत्ता उघडायचा राहिला.’ आमच्यासारख्या घरात पत्ते चालतात, कॅरम तर चालतोच. पण हिरवं कापड आणि त्यावर लोंबणारा दिवा दिसला की लोकांना सिगारेटचा धूर दिसायला लागतो. हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी ही व्यवस्था करून ठेवली आहे. तीन महिन्यांनी बाबाच जेवणानंतर बनियनवर ‘फक्त एक डाव’ म्हणत यायला लागले. तो एक डाव अकरा वाजेपर्यंत चालायचा.

दादा अमेरिकेत गेला, काही वर्षांनी बाबा वारले, आणि टेबलाचे दिवस फिरले. बत्तीस चौरस फुटांची सपाट जागा घरात मोकळी पडून राहिलेली आमच्या आईला बघवत नाही. उन्हाळ्यात जुनी साडी अंथरून त्यावर उडदाचे पापड, भाद्रपदात मखराचे खांब, दिवाळीत चकलीचे डबे, एरवी इस्त्रीला द्यायचे कपडे. मी मुद्रितशोधनाचं काम करते, तेव्हा माझी प्रुफंही तिथेच. लोकरीच्या कापडाला कसर लागते हे आईला पक्कं ठाऊक, म्हणून तिनं सहाही पॉकेटांत डांबरगोळ्या टाकून ठेवल्या होत्या. शेजारचा लहान मुलगा एकदा आला आणि हे काहीतरी लहान मुलांसाठीचं पूल असावं असं समजून त्या गोळ्यांना टिचक्या मारत बसला. वास येईपर्यंत त्याचा खेळ छान चालला होता.

दोन वर्षांपूर्वी दादानं कळवलं की डिसेंबरात मुलाला घेऊन येतोय, टेबल खेळण्याजोगं करून ठेव. मी एका दुकानाला फोन केला. त्यांची माणसं आली, तीन तासांत जुनं कापड फाडून नवं ठोकून गेली. वरवर सगळं हिरवंगार. दुसऱ्या दिवशी मी एक बॉल हळूच सोडला, तर टेबलाच्या तिसऱ्या हिश्श्यापाशी तो किंचित अडखळला, जणू उंबरा ओलांडतोय. एका कोपऱ्यात कापडाला बारीक चूण पडली होती. चूक एकदा दिसली की मला पानभर दुसरं काही दिसत नाही, हा माझ्या धंद्याचा रोग. रात्री झोपताना डोळ्यांपुढे ती चूण यायची.

मग कँपातल्या एका ओळखीच्या बाईंकडून मार्करकाकांचा पत्ता लागला. क्लबात, जिमखान्यात बिलियर्डच्या खोलीत जो माणूस गुण मांडतो, बॉल जागेवर लावतो, सकाळी टेबल झाडून त्यावर इस्त्री फिरवतो, नवशिक्याला क्यू धरायला शिकवतो आणि साहेब हरले तरी हसत नाही, त्याला मार्कर म्हणतात. काकांनी हे काम चाळीस वर्षं केलं. आता टेबलं दुरुस्त करतात. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. सोबत रेक्झिनची पिशवी. तिच्यात हातोडी, पटाशी, पक्कड, आणि तलम फडक्यात गुंडाळलेली पोलादी लेव्हल. ती ते टाकातल्या देवासारखी बाहेर काढतात.

त्यांनी चपला काढल्या, नव्या कापडाकडे पाहिलंसुद्धा नाही. एक बॉल मधोमध ठेवला आणि त्यावरचं बोट उचललं. बॉल क्षणभर थांबला, मग विचार पक्का झाल्यासारखा खिडकीच्या दिशेनं निघाला.

‘कापडाचं नंतर,’ काका म्हणाले. ‘आधी पोट बघू.’

आधी कडेचे रेल उतरले, मग एकेक पिन उपसत कापड. त्या दुकानानं खाली काहीच साफ केलं नव्हतं. पंचवीस वर्षांची खडूची निळी पूड, कसरीनं खाऊन टाकलेल्या जुन्या कापडाचे धागे, एक उडदाची डाळ. काकांनी ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं आणि खालून काळसर राखाडी, थंड, गुळगुळीत दगड वर आला. तीन तुकडे, एकाला एक भिडवलेले. आई खुर्चीतून उठून आली. तिनं दगडावर तळहात ठेवला, मग नखानं एक रेघ ओढून पाहिली.

‘अगं, ही तर पाटी!’

पाटीच. इतकी वर्षं आम्ही जिच्यावर पापड वाळवले ती एक अगडबंब पाटी होती, हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. दादाला होतं म्हणे. त्यानं सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं सगळ्यांना माहीत असतं. इंचभर जाडीचे तीन तुकडे, एकेकाचं वजन पाऊणशे किलोच्या आसपास. पूर्वी ही टेबलं लाकडी फळ्यांची असायची. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पीळ खातं. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८२६ मध्ये फळ्यांऐवजी पाटीचा दगड वापरला. हा दगड मुळात थराथरांचा, पापुद्रे निघावेत तसा सपाट फुटतो, घासला की आरशासारखा होतो आणि हवेच्या लहरींशी त्याला काही देणंघेणं नसतं. या कामासाठी इटलीतल्या लिगुरियाच्या दगडाचं फार नाव आहे. तिथे लावान्या नावाचं गाव आहे आणि इटालियन भाषेत शाळेतल्या फळ्यालाही लावान्याच म्हणतात.

आईला मी हे वाचून दाखवलं. ती चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर होती. लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याला भोक पाडून स्पंजाचा तुकडा बांधलेली दगडी पाटी तिनं हजारो मुलांच्या हातात पाहिली, पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या पाट्या आल्या तेव्हा तिला त्या आवडल्या नाहीत. आंध्रातलं मार्कापूर अशा पाट्यांच्या दगडासाठी प्रसिद्ध, आणि पाटीवरच्या पेन्सिलींचं गाव मध्य प्रदेशातलं मंदसौर. तिथे पेन्सिली कापणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ साठून त्यांना सिलिकोसिस व्हायचा, कोवळ्या वयात माणसं जायची. हे मी वाचायला नको होतं. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘आणि पोरं त्या पेन्सिली खायची. मी फटके द्यायचे.’

तिच्या शिवणाच्या डब्यात पाटीवरच्या पेन्सिलीचे दोन तुकडे अजून आहेत. ब्लाउजच्या कापडावर खुणा करायला ती वापरते. त्यातला एक घेऊन ती टेबलाशी आली. दगड समोर आहे, पेन्सिल हातात आहे, म्हटल्यावर पंचाऐंशीव्या वर्षीही तिला राहवेना. मला वाटलं काका अडवतील. अडवलं त्यांनी, पण त्यांच्या पद्धतीनं.

‘बाई, मधे नको. कापडाखाली एक कण राहिला तरी बॉलला कळतो. इथं कडेला लिहा. हे रेलखाली जातं.’

आईनं डावा हात दगडावर टेकला आणि कडेच्या चार बोटं पट्टीत ‘श्री’ काढला. हात हल्ली चहाच्या कपाशी थरथरतो. तिथे थरथरला नाही. दुसरी वेलांटी चांगली टपोरी, मागच्या बाकावरच्या मुलाला दिसावी अशी. काकांनी तो ‘श्री’ पुसला नाही. त्याच्यावरच रेल बसवला.

पण ते चौथ्या दिवशी. मधले दिवस जोडांचे आणि रबराचे.

दोन तुकड्यांच्या जोडावरून काका डोळे मिटून नख फिरवायचे. नख अडलं की एक बाजू वर आहे. किती वर, ते त्यांना नखालाच समजतं. लेव्हल ते नंतर लावत, आमची खात्री पटावी म्हणून. ‘घरात जुना पत्त्यांचा कॅट आहे का? प्लास्टिकचा बघा.’ मी आणून दिला. दगड आणि खालची लाकडी चौकट यांच्यामध्ये पहारीनं केसभर फट करायची आणि एक पत्ता सरकवायचा. चौकट लाकडाची, तिला लाकडाच्या खोडी आहेतच. पुन्हा नख, पुन्हा पत्ता. एकेका जोडाला तासतास लागत होता. इस्पिकची दुर्री, किलवरचा गुलाम, चौकटचा एक्का असे करत नऊ पत्ते टेबलाच्या पोटात गेले. जोड जुळल्यावर त्या फटींत भरायला काही कारागीर मेण वापरतात. काकांनी गॅरेजात गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी भरली, वाळू दिली, आणि पॉलिश पेपरनं इतकी घासली की जोड कुठे आहे ते मला नखानंही कळेना. ‘मेण सोवळं,’ ते म्हणाले, ‘पण आपल्याकडच्या मे महिन्यात मऊ पडतं.’

रबर मेलेलं होतं. रेलच्या आतल्या कडेच्या कुशनचं रबर वर्षानुवर्षं वाळत, कडक होत जातं, आणि मेलं की आवाजात कळतं. जिवंत कुशनवर बॉल ‘थप्प’ वाजतो आणि उसळून येतो; मेलेल्यावर ‘ठक्क’ वाजतो आणि रेंगाळतो. काका अंगठ्यानं दाबत सहाही कुशनांवरून गेले, डॉक्टर पोट तपासतात तसे. नवी रबराची पट्टी चिकटवताना मात्र त्यांनी मोजपट्टी काढली. पूलचा बॉल सव्वादोन इंचांचा, म्हणजे सत्तावन्न मिलिमीटरचा. कुशनचं नाक बॉलच्या मध्यापेक्षा वर, छत्तीस मिलिमीटरच्या आसपास लागायला हवं. नाक खाली आलं तर बॉल उडी मारतो, जास्त वर गेलं तर कापडात दाबला जातो. पार्लरवाल्यांनी पूर्वी कधीतरी एका बाजूचं रबर बदलताना हे पाहिलंच नव्हतं. बाबा त्या बाजूला कायम हरायचे आणि स्वतःच्या मनगटाला दोष द्यायचे.

कापड ताणायच्या दिवशी काकांना दोन माणसं हवी होती. मी होते, दुसरी आई. काका संकोचले. पण मी सांगितलं, नऊवारी साडी दोन टोकांनी धरून झटकून ताणून घडी घालायची कामं या बाईनं सत्तर वर्षं केली आहेत. आणि झालंही तसंच. आधी लांबीचा ताण, मग रुंदीचा. टोक मुठीत धरायचं, अंग मागे टाकायचं, पण हिसका द्यायचा नाही. ‘मधून सुरुवात, मग कडा,’ काका सांगत होते आणि आई म्हणत होती, ‘ठाऊक आहे.’ पॉकेटांच्या वळणावर चुण्या पडू न देणं ही खरी कसोटी. मोदकाच्या कळ्या पाडतात तसं ते कापड थोडं थोडं जमवत आत वळवायचं. तिथे आम्ही बाजूला झालो.

कापडाला लव असते, एका दिशेनं झोपलेली. झाडायचं ते त्याच दिशेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, मधे न थांबता. गोल गोल ब्रश फिरवला तर लव विस्कटते आणि हळू सोडलेला बॉल भरकटतो. इस्त्रीही त्याच दिशेनं, कोमट. काकांनी इस्त्री आधी वर्तमानपत्रावर ठेवली, कागद पिवळा पडत नाही हे पाहिलं आणि मग कापडावर फिरवली. त्या वेळी ते कुणाशी बोलत नाहीत. खोलीत गरम लोकरीचा वास भरला, पावसात भिजलेलं घोंगडं चुलीजवळ वाळत घातल्यावर येतो तसा.

इस्त्री झाल्यावर मात्र चहाबरोबर ते खुलले. त्यांचं दैवत विल्सन जोन्स. १९२२ साली पुण्यात जन्मलेला हा माणूस १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्डचा जगज्जेता झाला आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडला पुन्हा. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारा पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव घेतात. ते नाव किती जणांना आठवतं, हे काकांनी मला विचारलं नाही. मी सांगितलंही नाही, कारण मलाच आठवत नव्हतं. स्नूकर तर जन्मानंच आपल्याकडचं. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्यानं ते काढलं. पुढे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे. इंग्लंडात पोचलं ते नंतर. ‘म्हणून सांगतो,’ काका म्हणाले, ‘पावसाळ्यात टेबल कसं सांभाळायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.’ मग बराच वेळ ते मला तेच शिकवत होते. खिडकी उघडी ठेवायची नाही. खेळून झालं की झाडून, झाकून ठेवायचं. क्यूला खडू लावायचा तो टेबलापासून दूर उभं राहून. या निळ्या खडूत खरं म्हणजे खडू नसतोच, बारीक दळलेली वाळू आणि कुरुंद असतो. १८९७ पासूनचं हे मिश्रण क्यूच्या चामड्याच्या टोपीला बॉलवर पकड देतं, आणि कापडावर पडलं की पॉलिश पेपरचंच काम करतं. बॉल कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवायचे आणि लगेच पुसायचे. डांबरगोळ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत, फक्त सहाही पॉकेटं रिकामी करून गोळ्या एका पुडीत बांधून आईच्या हातात दिल्या.

डिसेंबरात दादा आला. भाच्यानं टेबलावर मोबाइल आडवा ठेवून त्यातली लेव्हल दाखवली. टेबल दीड अंश कललंय म्हणाला. मोबाइलच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो हे त्याच्या लक्षात यायला दुसरा दिवस उजाडला. दादा मध्यरात्रीपर्यंत खेळायचा, एकटाच, झोपेची घड्याळं जुळत नव्हती म्हणून. जाताना त्यानं ब्रश कुठल्या दिशेनं फिरवायचा ते मला पुन्हा सांगितलं. मी ऐकून घेतलं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि कापड जड झालं. लोकर हवेतलं पाणी पिते, बॉल मंदावतात, ते ठाऊक होतं. पण ऑगस्टात एका दुपारी मी बॉल मधोमध ठेवला, बोट उचललं, आणि तो पुन्हा निघाला; या वेळी खिडकीकडून आत, दाराच्या दिशेनं. मी घाबरून काकांना बोलावलं. एवढे पत्ते, एवढी लांबी, सगळं फुकट गेलं की काय. काकांनी फडक्यातून लेव्हल काढली, दगडांच्या जोडांवर ठेवली, मग आडवी, मग उभी. नंतर ती खाली शहाबादी फरशीवर ठेवून गुडघ्यांवर बसून राहिले.

‘टेबल जागच्या जागी आहे, ताई,’ ते म्हणाले. ‘घर हललंय.’

आमच्या घराचा पाया काळ्या मातीत आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात अंगणात हात जाईल अशा भेगा पडतात. खिडकीकडच्या बाजूला पागोळ्यांचं पाणी मुरतं, तेव्हा ती बाजू पावसाळ्यात वर येते, हिवाळा संपता संपता खाली बसते. दरवर्षी होत असणार. कपाटाचं दार आपोआप उघडतं, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसतं, न्हाणीघराची कडी अडते, आणि आपण म्हणतो, जुनं घर. त्या हलण्याला मिलिमीटरात मोजणारं काही घरात नव्हतं इतकंच.

काकांनी जॅक लावून दाराकडचे पाय उचलले, सागवानी पाचर घातली आणि वरचा बारीक हिशेब पत्त्यांनी पुरा केला. ‘आता तुम्हीच करा दरवर्षी,’ म्हणाले. तेव्हापासून मी करते. जून सरता सरता दाराकडे, फेब्रुवारीत खिडकीकडे. एक पत्ता म्हणजे मिलिमीटरचा सुमारे तिसरा हिस्सा. वहीत तारीख घालून नोंद ठेवते. दादाला एका बिल्डरचं पत्र मेलवर आलं आहे, बंगला पाडून सहा मजले, आम्हाला चौथ्यावर दोन फ्लॅट. त्यानं विचारलं, टेबल लिफ्टमधून जाईल का? मी काकांना विचारलं. दगड लिफ्टमध्ये आडवा मावणार नाही, उभा धरून जिन्यानं न्यावा लागेल, एका तुकड्याला चार माणसं, आणि वर गेल्यावर नखापासून सगळं पुन्हा. दादाला तसं कळवलं. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.

आईची तक्रार निराळीच आहे. तिला दुपारी बदामसात खेळायचं असतं आणि कॅटात आता अडतीसच पत्ते उरले आहेत. त्यात बदामाची सत्ती नाही. ती दाराकडच्या डाव्या पायाखाली आहे, आणि फेब्रुवारीपर्यंत तिथून निघणार नाही.